आधी उतरायला शिकवा: वाढत्या पोरांचं जम्प ट्रेनिंग, तोल आणि अंगाचं भान

पोरांना उड्या मारायला लावल्या की तोल सुधारतो हे आता रील बघून सगळ्यांना कळलंय, आणि गडबड तिथनंच सुरू झालीय. कुणी जोतिबाच्या पायऱ्यांवर बेडूकउड्या मारायला नेतंय, कुणी गच्चीवर जुन्या टायरवरनं फरशीवर उडवतंय, कुणी फुटबॉलची प्रॅक्टिस संपल्यावर दमलेल्या पोरांना "चला, आता पन्नास उड्या" म्हणतंय. महिन्याभरात कुणाचा गुडघा दुखायला लागतो, कुणाचा घोटा मुरगळतो, आणि मग घरचे म्हणणार उड्या बंद. उड्यांचा काही दोष नसतो, क्रम उलटा लागलेला असतो. सगळ्यात शेवटी करायचं ते पहिल्या दिवशी करून मोकळे होतात लोक.

हा क्रम साधारण ९ ते १६ वयाच्या पोरापोरींसाठी आहे. खेळ फुटबॉल असू दे, खो-खो, कबड्डी, कुस्ती, काहीही असू दे. आठवड्यातनं दोनदा, एका वेळी १५ ते २० मिनिटं, असे आठ आठवडे धरून चाला.

सुरू करायच्या आधी एवढं समजून घ्या, कारण हे कळलं नाही तर पुढचा क्रम उगाच रटाळ वाटेल. पोरगं हवेत असताना तोल सुधारत नाही, सुधारतो तो जमिनीवर येताना. स्नायूच्या आत स्नायू किती ताणला गेलाय ते मोजणारे मसल स्पिंडल असतात, स्नायू हाडाला जिथं जोडलाय त्या टेंडनमध्ये ओढ मोजणारे गोल्जी टेंडन ऑर्गन असतात, सांध्यांत वेगळे सेन्सर असतात, कानाच्या आत तोलाचं यंत्र असतं आणि वरनं डोळे. या सगळ्यांकडनं येणारी माहिती जुळवून मेंदू ठरवतो की गुडघा आत्ता किती वाकलाय, वजन कुठल्या पायावर आहे. डोळे मिटून नाकाला बोट लावता येतं ते याच्याच जोरावर, यालाच अंगाचं भान म्हणायचं, शास्त्रात प्रोप्रिओसेप्शन म्हणतात.

आता यातली खरी मेख. उतरताना गुडघ्याचं एसीएल लिगामेंट, म्हणजे गुडघ्याच्या आत मांडीचं आणि नडगीचं हाड बांधून धरणारा पट्टा, जातं तेव्हा पाय टेकल्यापासून साधारण ४० ते ५० मिलिसेकंदांतच ते जातं, आणि माणसाला ठरवून हालचाल करायला १५० ते २०० मिलिसेकंद तरी लागतात, म्हणजे पाय वाकडा पडल्यावर सावरू म्हणाल तर वेळच नसतो. पाय जमिनीला लागायच्या आधीच स्नायू योग्य तेवढे आवळलेले पाहिजेत. ही आधीची तयारी मेंदू शिकतो ती नीट उतरलेल्या शेकडो उड्यांमधनं. आणि वाकडं उतरवत राहिलात तर तेसुद्धा तितकंच पक्कं शिकतो, त्याला बरंवाईट कळत नाही.

तयारी: हे पाच बघितल्याशिवाय उडी नाही

१) उंची. घरातल्या भिंतीवर पेन्सिलीनं खूण करा, दर महिन्याला एकाच तारखेला, सकाळी, अनवाणी. मुलींची उंची सगळ्यात वेगानं वाढते ती साधारण १२ च्या आसपास, मुलांची १४ च्या आसपास, पण पोराप्रमाणे वर्ष-दोन वर्षं इकडंतिकडं होतंच. या काळात हाडं आधी लांब होतात, स्नायू आणि मेंदूचा हिशेब मागनं येतो. माझ्याकडं एक पोरगा होता, मे महिन्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला गेला आणि जूनमध्ये आला तो अर्धा ताड होऊन. आधी डोळे झाकून पास देणारा पोरगा, आता बॉल पायाखालनं जायला लागला, स्वतःच्याच पायात अडखळायला लागला. वडील म्हणाले, "सर, लक्ष नाही त्याचं, मोबाईल बघतोय." मोबाईल बघत असेलही, पण खरं कारण असं की त्याच्या डोक्यातला नकाशा मार्चमधल्या पायांचा होता आणि पाय जूनमधले. असं पोरगं दिसलं की त्याला उड्या कमी आणि सोप्या, तोलाचं काम जास्त.

२) दुखणं. गुडघ्याच्या वाटीच्या खाली जो उंचवटा असतो तिथं दाबून दुखतंय का? टाचेच्या मागं दोन्ही बाजूंनी चिमटीत धरलं की दुखतंय का? वाढीच्या वयात पहिलं बहुतेक वेळा ऑस्गुड-श्लॅटर असतं, दुसरं सेव्हर्स, दोन्हीत वाढणाऱ्या हाडावर टेंडनचा ओढा पडत असतो. यातलं काही असेल तर उड्या बंद आणि आधी डॉक्टर. सूज, लंगडणं, रात्री दुखून जाग येणं, गुडघा मधेच "सुटल्यासारखा" वाटणं, यातलं एकही असेल तरी तेच.

३) जमीन. सिमेंट, फरशी, डांबर यांवर उतरायचं शिकवायचं नाही, विषय संपला. गवताचं मैदान उत्तम, पण थंडीत सकाळी दव असतंय, बूट घसरतो, तेव्हा ऊन जरा वर येऊ द्या. काळ्या मातीचं मैदान उन्हाळ्यात भेगाळतं, पावलानं चाचपून बघा. तालमीतली लाल माती सुरुवातीच्या टप्प्यांना लई भारी, मऊ असते, चुकलं तरी सांभाळून घेते, फक्त वस्तादांना विचारून जा. पण सहाव्या टप्प्यातल्या चटचट उड्यांना हीच माती चालत नाही, कारण ती पायातला उसळा खाऊन टाकते. पावसाळ्यात मैदानाचा चिखल झाला की कबड्डीची किंवा ज्युडोची मॅट बघा.

४) बूट. मापाचे, लेस बांधलेले, साधे स्पोर्ट्स शूज. स्टड, म्हणजे तळाला खुंट्या असलेले फुटबॉलचे बूट, घालून नाही, स्टड गवतात रुततो आणि पाय अडकून गुडघा फिरतो. "पुढच्या वर्षी पण चालतील" म्हणून घेतलेले एक नंबर मोठे बूट यात धोक्याचे. अनवाणी फक्त तालमीत नाहीतर मॅटवर, तेही पहिल्या दोन टप्प्यांपुरतं.

५) वेळ. वॉर्मअप झाल्या झाल्या, प्रॅक्टिसच्या आधी. इथं माझीच एक चूक सांगतो. सुरुवातीच्या काळात मी उड्या शेवटी ठेवायचो, पोरं दमली की ग्राऊंड सोडायला नको म्हणून बाजूच्या सिमेंटच्या कट्ट्यावरच घ्यायचो. एका संध्याकाळी चांगल्यातला चांगला पोरगा शेवटच्या सेटला घोटा मुरगळून बसला आणि तीन आठवडे गेले त्याचे, मॅच बाहेर बसून बघितल्या. दमलेला स्नायू उशिरा आवळतो, आणि वरती ४०-५० मिलिसेकंदांचं काय म्हटलंय ते आठवा. जेवणानंतर दोन तास गेलेले पाहिजेत. मिसळ खाऊन आलेलं पोरगं तिसऱ्याच उडीला कळतंय, ते सांगायला नको.

> सावध: उडी ही शिक्षा म्हणून द्यायची नाही. उशीर झाला, घाल बेडूकउड्या, हे आपल्याकडं अजून सर्रास चालतं. शिक्षेतली उडी कुणी नीट मारत नाही आणि नीट उतरत तर नाहीच.

टप्पा ०: मोजून ठेवा

हा टप्पा सगळे टाळतात आणि दोन महिन्यांनी "फरक वाटतोय" एवढंच सांगू शकतात. सामान काय लागतं, टेप, सुतळी नाहीतर फक्की, आणि मोबाईल.

अ) एका पायावर उभं राहणं. हात कमरेवर, आधी डोळे उघडे, मग मिटून. पाऊल हललं, दुसरा पाय टेकला किंवा डोळे उघडले की वेळ बंद. दोन्ही पायांचे सेकंद लिहा. डोळे मिटल्यावर वेळ धाडकन कमी होणार, घाबरू नका, सगळ्यांचाच होतो.

ब) तीन रेघांची टेस्ट. तोल मोजायची वाय बॅलन्स टेस्ट असते, तिची ही घरगुती आवृत्ती. जमिनीवर एका बिंदूपासनं तीन रेघा मारा, एक सरळ पुढं, दोन मागं तिरक्या. मागच्या दोन रेघांमध्ये काटकोन, आणि पुढच्या रेघेपासनं प्रत्येक मागची १३५ अंशांवर. पोरानं बिंदूवर एका पायानं उभं राहायचं, हात कमरेवर, आणि दुसऱ्या पायाचं बोट रेघेवरनं जितकं लांब जाईल तितकं नेऊन नुसतं शिवायचं, वजन टाकायचं नाही, आणि तोल न जाता परत यायचं. चार वेळा सराव, मग तीन वेळा मोजून त्यातला सगळ्यात चांगला आकडा.

इथं एक चूक ठरलेली. लोक सेंटिमीटर लिहून ठेवतात आणि सोडून देतात. वाढत्या पोराचं असं चालत नाही, पायाच्या लांबीनं भागून टक्केवारी काढावी लागते. पायाची लांबी म्हणजे कमरेच्या पुढं जे हाड हाताला टोचतं तिथनं घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत, पोराला आडवं झोपवून. समजा आत्ता पाय ७६ सेंमी आणि पुढची पोच ५७, म्हणजे ७५ टक्के. दोन महिन्यांनी पाय ७८ झाला आणि पोच ५८. आकडा वाढला म्हणून तुम्ही खूश, पण टक्केवारी काढली तर ७४.४, म्हणजे तोल घसरलाय, वाढलंय ते फक्त हाड. पुढच्या रेघेवर डाव्या-उजव्यात ४ सेंमीपेक्षा जास्त फरक असेल तर कमी असलेल्या पायाची नोंद ठळक करा, त्या पायाला पुढं जास्त काम द्यायचंय.

क) गुडघ्याचं भान. पोराला टेबलावर पाय लोंबकळत ठेवून बसवा, डोळे मिटलेले. त्याचा पाय तुम्ही हळू उचलून एका जागी पाच सेकंद धरा, बाजूनं फोटो काढा, पाय खाली सोडा. आता त्यानं स्वतः पाय त्याच जागी आणायचा, पुन्हा फोटो. दोन फोटोंतला कोनाचा फरक म्हणजे त्याची चूक. काही अंशांची चूक सगळ्यांचीच येते. एकाच पायाची सारखी जास्त येत असेल, खास करून जो घोटा किंवा गुडघा पूर्वी दुखावलाय त्या पायाची, तर ते बघायचं. आणि एक आधीच सांगून ठेवतो, उड्यांचा फरक तीन रेघांच्या टेस्टमध्ये लवकर आणि स्पष्ट दिसतो, या टेस्टमध्ये हळू आणि थोडा, म्हणून आठ आठवड्यांत इथं चमत्काराची अपेक्षा धरू नका.

ड) व्हिडिओ. ३० सेंमी उंचीवरनं उतरून लगेच वर उडी, मोबाईल गुडघ्याच्या उंचीवर समोर ठेवून स्लो मोशनमध्ये, मग एकदा बाजूनं. उतरणं फारच वाकडं असेल तर ३० हट्टानं घेऊ नका, १५ वरनं घ्या आणि तसं लिहा.

टप्पा १: वॉर्मअप आणि तोल जागा करणं (प्रत्येक वेळी, ८ मिनिटं)

हलकं जॉगिंग, घोटे फिरवणं, दहा बैठका (शंभर नाही, दहा), चालत लंजेस, म्हणजे लांब पाऊल टाकून गुडघे वाकवत चालणं. मग दोन मिनिटं फक्त तोल: एका पायावर उभं राहून बॉल झेलणं, एका पायावर पुढं वाकून बुटाची लेस शिवणं, डोळे मिटून १० सेकंद. तोलाचं काम उड्यांच्या आधी, नंतर नाही. ताणून धरायचे लांब स्ट्रेच इथं नकोत, ते शेवटी.

टप्पा २: फक्त उतरणं (आठवडा १ आणि २)

या दोन आठवड्यांत वर उडायचंच नाही. पोरं कंटाळतात, पालक विचारतात "उड्या मारायचा बॉक्स कधी आणायचा?" आणि नव्वद टक्के कोच इथंच पाघळतात. धीर धरा.

पहिलं, चवड्यांवर उंच उभं राहायचं, हात वर, आणि एकदम खाली बसतं होऊन थांबायचं, जणू पायाखालची फळी निसटली. तीन सेकंद पुतळा. असं ६ वेळा, २ सेट.

दुसरं, घरातला जेवायचा पाट घ्या, खरंच पाट, त्याची तेवढीच उंची पुरे. पाटावरनं पाऊल पुढं टाकून दोन्ही पायांवर उतरायचं. उडी मारून नाही, पाऊल टाकून. थांबायचं तीन सेकंद. दुसऱ्या आठवड्यात हीच उंची १५ ते २० सेंमी करा.

काय बघायचं? आधी चवडा टेकतो आणि लगेच टाच हळू येते. गुडघा बुटाच्या लेसच्या सरळ वर, आत पडत नाही. कंबर मागं, छाती किंचित पुढं. पण हे सगळं पोराला सांगत बसू नका, एवढ्या सूचना दिल्या की ते काठीसारखं ताठ होतं. त्याला अंगाबद्दल कमी आणि बाहेरच्या गोष्टीबद्दल जास्त सांगा: "जमिनीला कळू देऊ नको तू आलास ते." एवढ्या एका वाक्यात गुडघे आपोआप वाकतात.

मी तर पाठ फिरवून उभा राहतो आणि नुसतं ऐकतो. "धप्प" आला म्हणजे टाचेवर पडला. "ट-टप" असा दोन तुकड्यांत आला म्हणजे एक पाय आधी टेकला, आणि तो बहुतेक वेळा तोच पाय असतो जो तीन रेघांत भारी निघालेला, दुसऱ्यावर त्याचा विश्वासच नसतो. एकच बारीक "टप" आला की ठीक. पोरांनाही एकमेकांकडं पाठ करून ऐकायला लावा. त्यांना खेळ वाटतो आणि कान तयार होतात.

> तपासा: सलग ५ वेळा बारीक आवाज, गुडघे लेसवर, तीन सेकंद पाऊल न हलवता. हे जमलं तरच पुढं. नाही जमलं तर तिसरा आठवडा पण हाच, त्यात कमीपणा नाही.

मुलींच्या बाबतीत गुडघा आत पडणं जास्त दिसतं, आणि एकाच खेळात मुलींना एसीएलच्या दुखापतीही मुलांपेक्षा जास्त होतात, विशेषतः वयात आल्यानंतर. म्हणून मुलींना हा टप्पा घाईनं पार करायला लावू नका. गुडघ्यांच्या वर एक रबर बँड बांधून "बँड ढिला पडू देऊ नको" म्हणा, ओरडण्यापेक्षा ते चांगलं लागू पडतं.

टप्पा ३: दोन पायांवर उडी आणि थांबा (आठवडा ३ आणि ४)

जागच्या जागी वर उडी, उतरून तीन सेकंद थांबा. मग पुढं उडी आणि थांबा. मग बाजूला, रेघेच्या या अंगाकडनं त्या अंगाला. प्रत्येकी ५ वेळा, २ सेट, सेटमध्ये किमान मिनिटभर विश्रांती, गप्पा मारू देत.

इथली चूक म्हणजे पुढच्या उडीत किती लांब गेला ते मोजणं. टेप लावलात की पोरगं लांब जाणार आणि तोंडावर पडणार. मोजायचंच असेल तर असा नियम करा: थांबलास तरच उडी मोजली, पाऊल हललं तर शून्य. दहा मिनिटांत सगळी पोरं स्वतःच उडी लहान करून नीट उतरायला लागतात, तुम्हाला काही बोलावं लागत नाही.

दिवसाच्या एकूण उड्या मोजताना पाय जमिनीला टेकला की एक, असं मोजायचं, दोन्ही एकदम टेकले तरी एकच. पहिल्या दोन आठवड्यांत एका दिवसात ४० ते ६०, आठव्यापर्यंत ८० ते १००, त्याच्या वर या वयात गरज नाही. ९-१० वर्षांच्यांना याच्या अर्ध्यावर थांबवलं तरी चालतं. आणि एका आठवड्यात एक तर संख्या वाढवायची नाहीतर अवघडपणा, दोन्ही एकदम कधीच नाही. दोन दिवसांत किमान ४८ तासांचं अंतर, म्हणजे मंगळवार-शुक्रवार असं काहीतरी. मॅचच्या आदल्या दिवशी उड्या नाहीत, पेठेपेठेतल्या चुरशीच्या मॅचला तर आदल्या रात्री पोरांना झोपच नसते, वरनं उड्या कशाला.

टप्पा ४: एका पायावर (आठवडा ५)

फुटबॉलमध्ये शॉट मारताना, खो-खोत पोलला वळताना, कबड्डीत मागं सरकताना तुम्ही असताच एका पायावर, म्हणून तोलाचं खरं काम इथं आहे. आणि खरं सांगायचं तर आपल्या लंगडीत आणि ठिकरीच्या चौकोनात हे सगळं आधीपासनंच आहे. एका पायावर उडी, दिशा बदल, थांबून खाली वाकून ठिकरी उचलणं, फुकटात. हल्लीच्या पोरांना लंगडी घालता येत नाही ही वस्तुस्थिती आहे, सहावीतलं पोरगं आठ उड्यांत डगमगतं.

क्रम असा. एका पायावर जागच्या जागी अगदी छोटी उडी, थांबा. मग पुढं एक पाऊल अंतराची, थांबा. मग बाजूला, आधी बाहेरच्या अंगाला, मग आतल्या. मग तीन सलग लंगड्या आणि तिसरीला थांबा. प्रत्येक पायाला ४-५ वेळा, २ सेट. कमजोर पायापासनं सुरू करायचं आणि त्याला एक सेट जास्त.

> सावध: एका पायावर आला की वजन सगळं एकाच घोट्यावर. मागच्या सहा महिन्यांत घोटा मुरगळला असेल तर त्याचा हा टप्पा दोन आठवड्यांचा करा आणि उंची-अंतर निम्मं. "आता दुखत नाही" म्हणजे बरं झालं असं नसतं, दुखणं जातं आणि भान परत यायला वेळ लागतो, म्हणूनच तोच घोटा परत परत मुरगळतो.

> तपासा: समोरनं व्हिडिओ. उतरल्यावर दुसऱ्या बाजूची कंबर खाली पडतेय का, गुडघा आत जातोय का, धड एका बाजूला झुकतंय का. तीनपैकी एक दिसलं तरी अंतर कमी करा. पायऱ्या, बॉक्स यांचं नावच नको.

टप्पा ५: दिशा आणि डोळे (आठवडा ६)

आतापर्यंत पोरगं जमिनीकडं बघून उतरत होतं. मॅचमध्ये कोण जमिनीकडं बघतंय? म्हणून आता डोळे दुसरीकडं गुंतवायचे, म्हणजे पायांनी काम स्वतः सांभाळायचं.

दोन पायांवर उडी मारून हवेत पाव गिरकी, उतरून थांबा, आधी डावीकडं मग उजवीकडं. जमलं की अर्धी गिरकी. मग उडी मारताना बॉल टाका, झेलून उतरायचं. मग उतरता उतरता तुम्ही बोटं दाखवा, किती ते ओरडून सांगायचं. मग दोघं समोरासमोर, हवेत खांद्याला हलका खांदा लावून उतरणं, हलकाच, नाहीतर आमच्याकडं त्याची लगेच कुस्ती होते.

आता इथली मोठी चूक. डोळे मिटून तोलाचा सराव चांगला म्हणून काही जण डोळे मिटून उड्या मारायला लावतात. नाही. डोळे मिटायचे ते जमिनीवर पाय असताना. उडीत डोळे उघडेच, फक्त नजर दुसरीकडं. तसंच हवेच्या गोल बॉलवर, डगमगत्या फळीवर उड्या मारणं, रीलला लाईक मिळतात, वाढत्या घोट्याला काही मिळत नाही.

> तपासा: झेलून उतरताना आवाज परत "धप्प" व्हायला लागला तर बॉल बाजूला ठेवा, एक पायरी मागं.

टप्पा ६: चटचट उड्या (आठवडा ७ आणि ८)

लोक ज्याला जम्प ट्रेनिंग म्हणतात ते हे. स्नायू ताणला जातो आणि लगेच आकसतो, त्या ताणाची ऊर्जा पुढच्या उडीला मिळते, पण जमिनीवरचा वेळ कमी असेल तरच, साधारण पाव सेकंदाच्या आत. जास्त रेंगाळलात की ऊर्जा गेली. म्हणूनच इथं थांबायचं नाही, आणि म्हणूनच थांबणं आधी पक्कं झालेलं पाहिजे.

दोरीउड्या, २० सेकंद, गुडघे जेमतेम वाकलेले, घोट्यातनं उसळी. मग रेघेवरनं मागंपुढं १० चटचट. मग १५ सेंमीचे चार अडथळे, विटा नकोत, पाय अडकला तर सोलतो आणि मुरगळतो, रिकामी पुठ्ठ्याची खोकी ठेवा. शेवटच्या अडथळ्यानंतर मात्र थांबा आणि तीन सेकंद पुतळा. जलद उडीच्या शेवटी थांबता येतंय का, यात अख्ख्या आठ आठवड्यांची परीक्षा होते.

जितका वेळ उड्या तितक्याच्या ५ ते १० पट विश्रांती, १० सेकंद काम तर मिनिटभर उभं राहा. दम लागायला पाहिजे हा हट्ट सोडा, दमासाठी रंकाळा तलावाला फेरी मारा ना, उड्या त्यासाठी नाहीत.

उंचावरनं उतरून लगेच उडी, जिला डेप्थ जम्प म्हणतात, ती टप्पा ० मधल्या व्हिडिओपुरती सोडली तर या आठ आठवड्यांत सराव म्हणून घेऊच नका. आणि पायऱ्या, ज्यांच्यावरनं सगळं सुरू झालं, त्या वर चढताना एकेक पायरी उडी ठीक आहे, पण उड्या मारत खाली उतरायचं नाही, दगडी पायरीवर तर नाहीच.

टप्पा ७: परत मोजा, आणि मागं कधी यायचं

आठवड्याच्या शेवटी नव्हे, दोन दिवस आराम देऊन, त्याच वेळेला, त्याच बुटात टप्पा ० मधलं सगळं परत. पायाची लांबी परत मोजा, जुनी वापरू नका. आधी डाव्या-उजव्यातला फरक बघा, मग टक्केवारी, मग व्हिडिओ शेजारी शेजारी लावून पोराला स्वतःला बघू द्या, तुम्ही गप्प बसा. पोरं स्वतःच्या चुका तुमच्यापेक्षा कडक काढतात.

फरक कमी नाही झाला तर बहुतेक वेळा कारण तीनपैकी एक असतं: उतरण्याचा टप्पा उरकला, कमजोर पायाला जास्तीचा सेट दिलाच नाही, किंवा मधल्या काळात उंची वाढली. तिसरं असेल तर कुणाचीच चूक नाही. भिंतीवरची खूण महिन्यात एक सेंटिमीटर किंवा त्याहून जास्त वर गेलेली दिसली की मी त्या पोराला सरळ दोन टप्पे मागं घेतो आणि उड्या निम्म्या करतो, तो वैतागतो, मित्र पुढं गेलेत म्हणतो. वर ज्या लंब्या झालेल्या पोराचं सांगितलं त्याला जुलैत परत पाटावर आणला होता. चौदा वर्षांचा, ओठावर मिसरूड फुटलेला, आणि जेवायच्या पाटावरनं उतरतोय, बाकीची पोरं हसत होती. ऑगस्ट संपता संपता "टप" एकच यायला लागला, आणि पाट अजून मैदानावरच्या खोलीत पडून आहे, त्याच्या आईनं दोनदा मागितलाय.

सुट्टी, आजारपण, पावसानं पडलेला खंड, दोन आठवड्यांपेक्षा जास्त गेले की जिथं सोडलं त्याच्या एक टप्पा मागनं सुरू करा. गणपतीत तर दहा-अकरा दिवस पोरं हातीच लागत नाहीत, तेव्हा तो खंड आधीच वेळापत्रकात धरून ठेवा.